जुनी सिस्टीम, नवं मशीन आणि ‘बायोस’वाले गॅरी किल्डॉल

विंडोज ७ वर जीव असलेले लोक अजूनही कमी नाहीत. नवा लॅपटॉप घेतात आणि हट्टाने त्यावर तीच टाकायला बसतात. पेनड्राइव्ह लावला, इन्स्टॉलर सुरू झाला, भाषा निवडायची स्क्रीन आली आणि माउस हलेना, कीबोर्डही दाद देईना. कारण असं, की विंडोज ७ च्या इन्स्टॉलरमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही, आणि २०१५ नंतरच्या इंटेल चिपसेटमधून यूएसबी २ चा जुना कंट्रोलर काढून टाकलेला आहे. खटपट करून ते जमवलं तर एनव्हीएमई एसएसडी दिसत नाही. तेही जमवलं तर यूईएफआयमध्ये जुन्या बायोसची सोय नसल्यामुळे स्क्रीन कोरी. प्रोसेसर त्याच कुळातला आहे, विंडोजच्या सूचना त्याला समजतातही. फक्त दोघांच्या मधला दुवा गायब आहे.

हा मधला दुवा ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात मिसळून न टाकता वेगळा काढून ठेवायचा, म्हणजे मशीन बदललं तरी बाकीची सिस्टीम जशीच्या तशी वापरता येते. आज ही गोष्ट कोणालाही सहज पटेल. पण घरात मावणाऱ्या कॉम्प्युटरच्या बाबतीत ती ज्यांनी रुजवली ते गॅरी किल्डॉल. ‘बायोस’ हा शब्दही त्यांच्याच सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टीममधून जगात गेला. लोकांना मात्र त्यांच्याबद्दल एकच गोष्ट माहीत असते, तीही अर्धवट: आयबीएमची माणसं दारात आली तेव्हा हे गृहस्थ विमान उडवत होते. त्या गोष्टीकडे येऊच, पण आधी त्यांनी काय करून ठेवलं ते बघू.

बोटींच्या शाळेतला मुलगा

किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतल्या सिॲटल शहरात झाला. घरची शाळा होती, पण आपल्या ओळखीची शाळा नव्हे. जहाजावर काम करणाऱ्यांना नौकानयन शिकवणारी. समुद्रात आपण नक्की कुठे आहोत हे गणिताने काढायला तिथे शिकवत. गॅरी यांनीही काही काळ त्या शाळेत शिकवलं. पुढे गणिताचे शिक्षक व्हायचं म्हणून ते वॉशिंग्टन विद्यापीठात गेले आणि तिथे कॉम्प्युटरच्या नादाला लागले. तो नाद काही सुटला नाही.

तो व्हिएतनाम युद्धाचा काळ. सक्तीची लष्करी सेवा टळणारी नव्हती. त्यांच्या वाट्याला आलं ते कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवण्याचं काम. मधल्या काळात त्यांनी पीएचडीही पूर्ण केली, १९७२ मध्ये. त्यांचा विषय होता कंपायलर. प्रोग्रॅम न चालवताच, त्यातली कुठली किंमत कुठपर्यंत वाहत जाते हे तपासून कोड सुधारायची एक पद्धत त्यांनी मांडली. १९७३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा त्यावरचा पेपर कंपायलरच्या अभ्यासक्रमात आजही शिकवला जातो. म्हणजे सीपी/एम लिहिली नसती तरी या विषयात त्यांचं नाव राहिलंच असतं.

१९७१ च्या शेवटी इंटेलने ४००४ ही चिप बाजारात आणली. किल्डॉल यांनी ती मिळवली, तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिले आणि सुटीच्या दिवशी गाडी काढून इंटेलकडे सल्लागार म्हणून जायला लागले. मोबदल्यात इंटेलने त्यांना ८००८ आणि मग ८०८० या चिपवर चालणारी मशीन वापरायला दिली. त्या काळी या चिपा ट्रॅफिक सिग्नल किंवा वजनकाटे चालवण्याच्या लायकीच्या समजल्या जात. किल्डॉल यांनी १९७३ मध्ये त्यांच्यासाठी पीएल/एम नावाची भाषा तयार केली. मायक्रोप्रोसेसरसाठी बनलेली ही पहिली उच्चस्तरीय भाषा.

फ्लॉपी आणि शेड

आता अडचण अशी, की पीएल/एमचा कंपायलर चालायचा मोठ्या कॉम्प्युटरवर. लहान मशीनवरच काम करायचं तर प्रोग्रॅम साठवायला जागा हवी. कागदी टेप होती, पण ती हळू, फाटणारी, वैताग आणणारी. तेवढ्यात फ्लॉपी डिस्क आली. आठ इंची, साधारण २५० किलोबाइट मावणारी. शुगार्ट कंपनीची एक ड्राइव्ह किल्डॉल यांच्या हाती आली खरी, पण ती मशीनला जोडणार कशी? कंट्रोलर बनवायचे त्यांचे स्वतःचे प्रयत्न फसले. हार्डवेअर हा त्यांचा प्रांत नव्हता. शेवटी विद्यापीठाच्या दिवसांतले मित्र जॉन टोरोडे यांनी कंट्रोलर बनवून दिला, आणि १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह गावातल्या घरामागच्या शेडमध्ये ही जोडणी पहिल्यांदा चालली.

सॉफ्टवेअर मात्र आधीच तयार होतं! मशीन नसतानाच त्यांनी ते मोठ्या डेक कॉम्प्युटरवर ८०८० चा सिम्युलेटर चालवून लिहिलं होतं. आज आपण व्हर्च्युअल मशीनवर आधी सगळं तपासून मग खऱ्या हार्डवेअरवर टाकतो, अगदी तोच प्रकार. या सॉफ्टवेअरचं नाव सीपी/एम. ते त्यांनी इंटेलला दाखवलं. इंटेलने पीएल/एम घेतली होती, पण ऑपरेटिंग सिस्टीममध्ये फारसा रस दाखवला नाही. मग गॅरी आणि त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी स्वतःच कंपनी काढली. नाव काय, तर इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च! पुढे ते ‘डिजिटल रिसर्च’ एवढंच उरलं. व्यवहार बघायच्या डोरोथी, कोड बघायचे गॅरी. सुरुवातीला सीपी/एमची किंमत होती ७० डॉलर.

सतरा दारं

इथून खरी गंमत सुरू होते. ८०८० चिप वापरून मशीन बनवणाऱ्या कंपन्या भराभर निघत होत्या. प्रोसेसर सगळ्यांचा एक, पण बाकी काही म्हणजे काही सारखं नाही. एकाचा टर्मिनल या पोर्टवर, दुसऱ्याचा त्या पोर्टवर. फ्लॉपीचा कंट्रोलर प्रत्येकाचा वेगळा. सीपी/एम एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायची म्हणजे कोडभर फिरून जिथे जिथे हार्डवेअरला हात लागला आहे तिथे तिथे बदल करायचे. एकदा, दोनदा, तीनदा हे ठीक आहे. दहाव्यांदा कोण करेल?

इम्साय ही कंपनी तेव्हा फ्लॉपी ड्राइव्ह विकत होती, आणि तिला ऑपरेटिंग सिस्टीम हवी होती. किल्डॉल यांचे माजी विद्यार्थी ग्लेन युइंग यांना त्या मशीनवर सीपी/एम बसवायची होती. पुन्हा एकदा तेच काम करायचा किल्डॉल यांना कंटाळा आला होता. त्या कंटाळ्यातून जे निघालं ते असं: हार्डवेअरशी बोलणारा सगळा कोड त्यांनी एका बाजूला काढला, त्याचा एक छोटा तुकडा केला आणि त्याला नाव दिलं बायोस. ‘बेसिक इनपुट आउटपुट सिस्टीम’चं ते लघुरूप. फाइली सांभाळणारा भाग वेगळा, त्याचं नाव बीडॉस. कमांड वाचणारा भाग तिसरा, तो सीसीपी. बीडॉस आणि सीसीपी सगळ्या मशीनवर एकच. बदलायचा तो फक्त बायोस, आणि तोही ज्याचं मशीन त्याने लिहायचा.

१९७९ मध्ये आलेल्या सीपी/एम २.२ मध्ये या बायोसच्या सुरुवातीला १७ उड्यांचा एक तक्ता असे. एकेक उडी म्हणजे एकेक काम. एक अक्षर स्क्रीनवर दाखव. कीबोर्डवर काही दाबलंय का सांग. अमुक ड्राइव्ह निवड, अमुक ट्रॅकवर जा, अमुक सेक्टर घे, तो वाच, तो लिही. एवढंच. फाइल म्हणजे काय हे बायोसला माहीत नाही, आणि फ्लॉपीची मोटर कशी फिरते हे बीडॉसला माहीत नाही. सतरा दारं, त्यापलीकडे कोणी कोणाच्या घरात डोकावायचं नाही.

समजा १९८० साली तुमच्याकडे नवंकोरं मशीन आलंय आणि त्याला सीपी/एमचा आधार नाही. काय कराल? डिजिटल रिसर्चच्या संचात एक मार्गदर्शिका यायची, तिच्यात नमुन्याचा सांगाडा-बायोस छापलेला असे. तो घ्यायचा आणि आपल्या मशीनच्या पोर्टप्रमाणे सतरा कामं भरायची. पण हा बायोस डिस्कवर चढवायचा कसा? सीपी/एम चालू असती तर तिच्या मदतीने चढवला असता, पण ती चालू करायलाच तर हा सगळा खटाटोप! यावरही मार्गदर्शिकेत उत्तर होतं. डिस्कवरची सिस्टीम मेमरीत आणणारा एक छोटा प्रोग्रॅम आणि मेमरीतून परत डिस्कवर लिहिणारा दुसरा, असे दोन प्रोग्रॅम तुम्ही हाताने लिहायचे. पहिला चालवून सिस्टीम मेमरीत आणायची, तिच्यातला जुना बायोस पुसून तिथे आपला घालायचा, दुसरा चालवून ती कोऱ्या फ्लॉपीच्या पहिल्या दोन ट्रॅकवर लिहायची. मग रीसेटचं बटण दाबून देवाचं नाव घ्यायचं.

हे प्रत्येक वेळी जमायचंच असं नाही. जुन्या १.४ आवृत्तीत डिस्कचा आकार बीडॉसमध्येच पक्का ठोकलेला होता: ७७ ट्रॅक, प्रत्येकी २६ सेक्टर, सेक्टरमध्ये १२८ बाइट. वेगळ्या मापाची ड्राइव्ह आली की पंचाईत. किल्डॉल यांनी दुसऱ्या आवृत्तीत ही मापंही बायोसमधल्या तक्त्यात नेली, आणि मग हार्ड डिस्कसुद्धा जोडता येऊ लागली. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण या दुसऱ्या खेपेत आहे. पहिल्यांदा ओढलेली रेघ चुकीच्या जागी पडली होती हे ओळखून त्यांनी ती सरकवली.

काही मशीन तरीही अडून बसत. सीपी/एमचे प्रोग्रॅम मेमरीत १०० या हेक्साडेसिमल पत्त्यापासून सुरू होत आणि त्याखालची जागा सिस्टीमसाठी राखीव असे. टँडीच्या टीआरएस-८० मॉडेल १ मध्ये नेमकी तिथेच रॉम बसवलेली होती. मग त्याच्यासाठी सगळी सीपी/एम वर ४२०० या पत्त्यावर सरकवलेली खास आवृत्ती निघाली. ती चालायची, पण बाजारातले नेहमीचे प्रोग्रॅम तिच्यावर चालायचे नाहीत. मग उपयोग काय? ॲपल २ ची कथा तर आणखी पुढची. त्याचा प्रोसेसरच वेगळा, ६५०२. त्याला सीपी/एमची भाषाच कळत नाही. त्यावर १९८० मध्ये तोडगा काढला मायक्रोसॉफ्टने: सॉफ्टकार्ड नावाच्या कार्डावर दुसरा प्रोसेसर, झेड८०, बसवला आणि तो ॲपलच्या पोटात खोचायचा! दोन प्रोसेसरच्या राखीव जागा एकमेकींवर येऊ नयेत म्हणून पत्ते सरकवायची सोय कार्डातच होती. सॉफ्टवेअरसाठी हार्डवेअर बदलायची ही युक्ती इतकी चालली, की ते कार्ड काही काळ मायक्रोसॉफ्टचं कमाईचं मोठं साधन होतं.

सतरा दारांचा परिणाम बाजारावर काय झाला? वर्डस्टार, डीबेस २ असले प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना मशीनची फिकीर उरली नाही. सीपी/एम आहे ना, मग चालेल. आपल्याकडे नव्वदच्या सुरुवातीला कॉम्प्युटर क्लासमध्ये जे वर्डस्टार आणि डीबेस शिकवलं जायचं, त्यांची मुळं ही अशी. १९८१ च्या सुमारास सीपी/एम जवळपास ३,००० वेगवेगळ्या मॉडेलवर चालत होती, असं सांगतात.

आयबीएम आली तो दिवस

१९८० च्या उन्हाळ्यात आयबीएम गुपचूप पर्सनल कॉम्प्युटर बनवत होती. ऑपरेटिंग सिस्टीमसाठी ते आधी बिल गेट्स यांच्याकडे गेले. गेट्स यांनी त्यांना किल्डॉल यांच्याकडे पाठवलं. आयबीएमची माणसं पॅसिफिक ग्रोव्हला आली त्या सकाळी किल्डॉल स्वतःच्या विमानाने एका ग्राहकाकडे कामासाठी गेले होते. म्हणजे मौजमजेसाठी नव्हे. कंपनीचे करारमदार डोरोथीच बघत असत, त्यामुळे बैठक त्यांच्याकडे होती, यातही नवल नव्हतं. आयबीएमने पुढे केलेला गुप्ततेचा करार फारच एकतर्फी वाटल्याने त्यांनी सही करायला नकार दिला. किल्डॉल दुपारी परत आले. त्यानंतर काय बोलणं झालं याच्या हकीकती दोन्ही बाजूंच्या जुळत नाहीत. मुद्दा अडला तो पैशांच्या पद्धतीवर: आयबीएमला एकदाच रक्कम देऊन मोकळं व्हायचं होतं, डिजिटल रिसर्चला प्रत्येक प्रतीमागे रॉयल्टी हवी होती.

पण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आपल्या विषयाचा आहे, आणि तोच कमी सांगितला जातो. आयबीएमच्या मशीनमध्ये ८०८८ चिप असणार होती, म्हणजे ८०८६ ची बहीण. तिच्यासाठी सीपी/एम-८६ येणार येणार म्हणत होते, पण ती येत नव्हती. सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स ही छोटी कंपनी ८०८६ चं कार्ड विकायला बसली होती आणि त्यावर चालवायला सिस्टीम नव्हती. नवं हार्डवेअर, आधार शून्य! वाट बघून कंटाळलेले तिथले इंजिनियर टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये स्वतःच एक सिस्टीम लिहिली. इंटेलने ८०८० चा कोड ८०८६ साठी यांत्रिकपणे बदलायची सोय ठेवलीच होती. सीपी/एमचे प्रोग्रॅम तसे बदलले की लगेच चालावेत म्हणून पॅटरसन यांनी सिस्टीमला हाक मारायची पद्धत सीपी/एमसारखीच ठेवली. डिस्कवर फाइली मांडायची पद्धत मात्र वेगळी घेतली. ही ८६-डॉस मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि तिचीच पीसी-डॉस झाली.

एकाच्या उशिरामुळे दुसऱ्याने भरून काढलेली फट, असं मला हे सगळं वाटतं. विमानाची गोष्ट सांगायला सोपी म्हणून टिकली, पण तिच्यात या वर्ष-दीड वर्षाच्या उशिराचा उल्लेखच नसतो.

किल्डॉल यांनी पीसी-डॉस पाहिली तेव्हा त्यांना स्वतःच्या सिस्टीमच्या हाका त्यात ओळखू आल्या. त्यांनी कोर्टाची भाषा केली. पण सॉफ्टवेअरच्या कॉपीराइटचा कायदा तेव्हा इतका धूसर होता की खटल्याचा भरवसा नव्हता. तडजोड अशी झाली की आयबीएम सीपी/एम-८६ सुद्धा विकेल. ती दुकानात पोचली १९८२ मध्ये, आणि किंमत २४० डॉलर. शेजारच्या खणात पीसी-डॉस ४० डॉलरला. लोकांनी काय घेतलं असेल ते वेगळं सांगायला नको.

नंतरची बारा वर्षं

किल्डॉल पैशाने गरीब झाले नाहीत. विमानं, रेसच्या गाड्या, बोटी, सगळं होतं. १९८३ पासून ते ‘कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’ या टीव्ही कार्यक्रमाचे सहनिवेदक होते. आज त्याचे भाग बघताना जाणवतं, की समोरच्या पाहुण्याला ते कधी अडचणीत पकडत नाहीत. एखादा नवा प्रोग्रॅम बघून त्यांचा चेहरा खरोखरच खुलतो. याच काळात त्यांनी सीडी-रॉमवर ज्ञानकोश आणायचं काम हाती घेतलं, आणि १९८५ मध्ये ग्रोलियरचा ज्ञानकोश सीडीवर आला. त्याच सुमारास डोरोथी आणि ते वेगळे झाले. डिजिटल रिसर्चने जेम आणि डीआर-डॉस बाजारात आणलं, पण १९९१ मध्ये कंपनी नोव्हेलला विकली गेली आणि किल्डॉल टेक्सासला राहायला गेले.

विमानाची गोष्ट मात्र पाठ सोडत नव्हती. १९९२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सायन्स विभागाचा पंचविसावा वर्धापनदिन होता. किल्डॉल तिथले पीएचडी, त्यांना निमंत्रण आलं. प्रमुख वक्ते होते बिल गेट्स. ही गोष्ट त्यांना फार लागली. आपली बाजू सांगायला त्यांनी आठवणी लिहून काढल्या आणि टाइप केलेल्या प्रती जवळच्या मोजक्या लोकांना दिल्या. पुस्तक त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. त्यातला पहिला भाग २०१६ मध्ये कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने त्यांच्या मुलांच्या संमतीने खुला केला.

जुलै १९९४ मध्ये मॉन्टेरीतल्या एका बारमध्ये त्यांच्या डोक्याला मार लागला. तो कसा लागला हे शेवटपर्यंत स्पष्ट झालं नाही. ११ जुलैला ते गेले, वय ५२. २०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हला डिजिटल रिसर्चच्या जुन्या इमारतीबाहेर आयईईई या संस्थेने सीपी/एमच्या स्मरणार्थ फलक लावला.

तुमच्या विंडोजमध्ये पहिली डिस्क सी: का असते? ए: आणि बी: या सीपी/एमच्या काळातल्या फ्लॉपीच्या जागा आहेत. फाइलच्या नावाला आठ अक्षरं आणि ठिपक्यानंतर तीन, ही डॉसची जुनी मर्यादा तिथलीच. डॉसच्या कॉम फाइली १०० या हेक्साडेसिमल पत्त्यावर चढायच्या, तेही तिथूनच. बायोसचा अर्थ मात्र वाटेत बदलला. किल्डॉल यांचा बायोस डिस्कवर असायचा आणि सिस्टीमसोबत मेमरीत यायचा. आयबीएमने तेच नाव मदरबोर्डवरच्या रॉमला दिलं, आणि इंटेलने २०१७ मध्ये जाहीर केलं की २०२० पर्यंत त्या रॉम-बायोसची जुनी सोय नव्या मशीनमधून काढून टाकू. म्हणून तर आज विंडोज ७ ला स्क्रीन सापडत नाही.

सीपी/एम मात्र अजूनही नव्या हार्डवेअरवर चढवली जाते. हौशी मंडळी आरसी२०१४ सारखे झेड८० चे किट जोडतात, ईएसपी३२ सारख्या काडेपेटीएवढ्या बोर्डवर रनसीपीएम हा एम्युलेटर चालवतात, आणि फ्लॉपीच्या जागी एसडी कार्ड लावतात. बीडॉसला त्याचा पत्ताही लागत नाही. तो बिचारा ट्रॅक आणि सेक्टर मागतो, आणि बायोस ते आकडे गुणून कार्डावरची जागा काढतो. फक्त एक अडचण येते. सीपी/एम २.२ ला एक ड्राइव्ह जास्तीत जास्त ८ मेगाबाइटची चालते आणि ए पासून पी पर्यंत ड्राइव्ह फक्त १६. म्हणजे एका वेळी दिसणार सगळे मिळून १२८ मेगाबाइट. त्यामुळे बाजारात मिळणारं सगळ्यात लहान कार्ड घेतलं तरी त्याचे तुकडे पाडावे लागतात आणि बरंचसं कार्ड रिकामंच राहतं.